तो आवाज बंद करा

दर वेळी तेच होते. पहाटे साडेचारला उठून आम्ही मित्र पक्षी पाहायला निघतो आणि पुरते उजाडायच्या आत कोणीतरी खिशातून मोबाईल काढून, पक्ष्याला समोर आणण्यासाठी, त्याच्याच जातीचा ध्वनिमुद्रित आवाज लावतोच. गेल्या रविवारी दयाळ पक्ष्याचा नर चोचीत अळी धरून घरट्याकडे निघालेला मला आठपट मोठे दाखवणाऱ्या ८×४२ च्या दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होता; एवढ्यात आवाज सुरू झाला, त्याने अळी टाकली, शेपटी ताठ उभारली आणि तिथे नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी तो या फांदीवरून त्या फांदीवर सैरभैर फिरत राहिला. विणीच्या हंगामात नर आपली हद्द जिवापाड राखतो, हे ज्यांना तोंडपाठ आहे तीच माणसे एका फोटोसाठी असे वागतात, याचा मला मनस्वी संताप येतो. तिकडे पिल्ले ताटकळत असतात आणि इकडे ‘अजून एकदा लाव, आता उजेड चांगला आहे’ अशी कुजबुज चालते! मी बोललो की रसभंग करणारा मीच ठरतो. पक्षी आपणहून समोर येईपर्यंत झाडाखाली अर्धा तास गप्प बसणे इतके का जड जावे?