भडंगाआधी कागद

भडंग करायला काय लागतं? कुरमुरे, शेंगदाणे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, तिखट-मीठ, चिमूटभर साखर आणि हळद. हळदीचं तर सांगलीत वेगळं सांगायलाच नको. अर्ध्या तासात पातेलंभर तयार. ते विकायचं ठरवलं की मात्र आपण म्हणजे आपणच आहोत हे आधी सरकारला पटवावं लागतं, आणि तिथं लसूण ठेचून काही उपयोग होत नाही.

दुकान काढतोय म्हटल्यावर गावातला पहिला प्रश्न: "गुमास्ता काढला काय?" गुमास्ता म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद. कायदा बदलला, फॉर्म बदलले, गुमास्ता काही जागचा हलला नाही. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं छोट्या दुकानदाराची नोंदणीतून सुटका केली. मोजकेच कामगार असतील तर नुसती ‘सूचना’ द्यायची, म्हणजे ‘बाबांनो, मी दुकान उघडलंय’ एवढं ऑनलाइन कळवायचं. पण नुसतं कळवायलाही कागद लागतात, आणि त्यात दुकानाचा फोटो लागतो, मराठी पाटीसकट. म्हणजे परवान्याचा पत्ता नाही तोवर पेंटरला आगाऊ रक्कम द्यायची. पाटीवर इंग्रजी घालायची हौस असेल तर घाला, पण मराठी अक्षर त्याहून लहान नको, आणि 2022 पासून ही सक्ती एकट्यानं चालवलेल्या टपरीवजा दुकानालाही आहे. त्याच दुरुस्तीनं दारूच्या दुकानांना गडकिल्ल्यांची आणि महापुरुषांची नावं घ्यायला बंदी केली. भडंगाला ती अडचण नाही.

मग कागद चढवायचे. ‘आपले सरकार’ या सरकारी सेवांच्या संकेतस्थळावर कागद 75 ते 500 केबीमधला हवा. फार मोठा चालत नाही हे एक वेळ समजतं. इथं फार लहानही चालत नाही. फोटो मात्र 20 केबीच्या आत. एवढ्याशा जागेत आमच्यासारख्यांचे गाल कसे मावायचे, हे सेवा केंद्रातल्या पोरालाच ठाऊक. तो चेहरा दाबून दाबून बसवतो आणि शेवटी पासपोर्टवाल्यापेक्षा वाईट फोटो काढल्याचं समाधान मिळवतो.

खरा घोळ नावाचा. आधारवर नाव, वडलांचं नाव, आडनाव. पॅनवर वडलांच्या नावाचं एक अक्षर. बँकेत आडनाव आधी. पत्त्यात एकीकडे विश्रामबागला इंग्रजीत ‘यू’ आहे, दुसरीकडे नाही. माणसाला हे सगळं एकच वाटतं, संगणकाला तीन माणसं आणि दोन गावं दिसतात. वीजबिल घरोघरी आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन जमाना झाला, पण वीज कंपनीच्या लेखी ते अजून नेमानं बिल भरताहेत. अशा वेळी घरपट्टीची पावती आणि ज्याच्या नावावर जागा त्याचं संमतीपत्र जोडायचं. आजोबांचं कुठून आणणार? म्हणून वारस लावून घ्यायचं काम आधी. आणि त्याच्याही आधी आधारला जोडलेला मोबाईल नंबर तपासायचा, कारण ओटीपी नेमका पुण्याला शिकायला गेलेल्या पोराच्या खिशात वाजतो आणि पोरगं लेक्चरला बसलेलं असतं.

जागा भाड्याची असेल तर ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही’ हा कट्ट्यावरचा कायदा विसरा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अकरा महिन्यांचाही करार लेखी आणि नोंदलेला हवा, नाहीतर घरमालक अडकतो. हे वाक्य मालकासमोर हळू आवाजात म्हणावं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंद, त्या मानानं गायीसारखी. 1 जुलै 2020 पासून आहे, फुकट आहे, कागद चढवायचा नाही. कुणी पैसे मागितले तर संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी सरकारी डॉट-जीओव्ही-डॉट-इन आहे का ते बघा. चूक होते ती धंद्याच्या प्रकाराचा कोड निवडताना. स्वतः भडंग परतणारा माणूस ‘किरकोळ विक्री’वर टिक करतो आणि उत्पादक म्हणून मिळणाऱ्या योजना दारातून परत जातात.

अन्नाच्या नोंदणीतही तेच. 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या धंद्याला साधी नोंदणी आणि वर्षाला 100 रुपये फी ठरली. भडंगाच्या चार पुड्यांची किंमत. फॉर्ममध्ये ‘बनवणारा’ लिहायचं, नुसता ‘विकणारा’ नव्हे. नंबर 14 आकडी असतो आणि तो पिशवीवर यावा लागतो. तो हातात पडायच्या आत पाच हजार पिशव्या छापून घेणारे उत्साही गृहस्थ पुढं महिनाभर घरच्यांना घेऊन स्टिकर चिकटवत बसतात. वजनही ‘पावशेर’ लिहून भागत नाही, 250 ग्रॅमच लिहायचं.

वजनकाट्याचं लोक हमखास विसरतात. इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापनवाल्यांकडून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा, सुट्ट्या वजनांना दोन वर्षं. काटा कोरा करकरीत आहे ही सबब चालत नाही. व्यवसाय कराचे वर्षाला 2500 रुपये गुपचूप भरून टाकावेत.

अर्ज अडकला तर हात जोडायच्या आधी पोचपावती बघा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या यादीतल्या, सेवेला मुदत असते, ती उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. पण मुदत मोजतात ती परिपूर्ण अर्जापासून. त्यामुळं ‘त्रुटी’ असा मेसेज आला की मिसळ अर्धी टाकून उठावं.

हे सगळं जमलं की एक फाईल होते, गोधडीएवढी जाड. ती गल्ल्याखाली ठेवू नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका, आणि 2019 ला ती 57 च्या वर गेली होती. फाईल माळ्यावर. कुरमुऱ्यांची पोती खाली राहिली तरी चालतील.