टायर फुटला म्हणून मालक सुटला?

ट्रकचा मोठा अपघात झाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. तो साधारण असा: ‘टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, त्यात कुणाची चूक नसते. गाडीचं पासिंग असेल तर मालकावर दावा टिकत नाही. गाडी ओव्हरलोड असेल तर विमा कंपनीही हात वर करते. दाद मागायचीच तर टायर कंपनीकडे मागा.’ हे खरं मानून मृतांच्या घरचे दावाच दाखल करत नाहीत, किंवा हातात पडेल त्या रकमेवर सही करून मोकळे होतात. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

आधी दैवी आपत्ती. नेमका हाच बचाव 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता. 25 ऑक्टोबर 2010 रोजी पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या कारचा मागचा टायर फुटला, गाडी उलटली आणि 38 वर्षांचा प्रवासी दगावला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने सुमारे सव्वा कोटी रुपये मंजूर केले, विमा कंपनी अपिलात गेली आणि अपील फेटाळलं गेलं. जिला माणूस जबाबदार नाही अशी अकल्पित नैसर्गिक घटना म्हणजे दैवी आपत्ती, टायर फुटणं तसं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर ही सगळी माणसाच्या हातातली कारणं आहेत. टायर का फुटला याचा काहीही पुरावा विमा कंपनीने दिला नव्हता. ती केस कारची होती, पण तत्त्व ट्रकलाही तेच. लॉरीच्या अपघातावरच्या मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलं आहे की यांत्रिक बिघाडाचं कारण पुढे करायचं असेल, तर तो बिघाड सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही सापडला नसता, हे मालकाने मांडून दाखवावं लागतं.

वाजवी काळजी म्हणजे काय, ते टायरच्या बाजूवरच छापलेलं असतं. समजा 146/143 असा आकडा आहे. याचा अर्थ एकेरी लावला तर तो 3,000 किलो पेलतो, जोडीत लावला तर 2,725. मागच्या चार टायरच्या सिंगल एक्सलला 2018 पासून 11.5 टनांची मुभा आहे. पण असे चार टायर मिळून 10.9 टनच होतात. म्हणजे वजनकाट्यावर पास झालेली गाडीसुद्धा टायरच्या क्षमतेबाहेर असू शकते. तिथे 149/146 चे टायर हवेत. ते 12 टन घेतात. आणि हे आकडे टायरमध्ये ठरलेली हवा असेल तरच खरे.

हवा कमी पडली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, तापते, आतल्या पोलादी तारांपासून रबर सुटू लागतं आणि शेवटी पट्टाच निघून येतो. जोड टायरमध्ये तर आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून त्याची हवा बघायची राहून जाते. आतला बसला की बाहेरचा दोघांचं ओझं एकटा वाहतो. फुटतो बाहेरचा, कारण आतल्यात असतं. तपासणीत दोन्ही टायर हवेत ते यासाठी.

‘पासिंग होतं’ या बचावात फारसा दम नाही. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचं पासिंग दोन वर्षांचं असतं, पुढे एका वर्षाचं. ते त्या दिवशीच्या गाडीबद्दल सांगतं. अपघाताच्या दिवशी लावलेला टायर निरीक्षकाने पाहिलेलाही नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 94 प्रमाणे ट्रकच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल लागते. गोटा झालेला, तार दिसणारा किंवा बाजूला फुगा आलेला टायर रस्त्यावर असणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा.

ओव्हरलोडबद्दलचा समज जास्त नुकसान करतो. विमा कंपनीला थर्ड पार्टीविरुद्ध, म्हणजे अपघातात सापडलेल्या बाहेरच्या माणसाविरुद्ध, कोणते बचाव घेता येतात, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये मोजून दिले आहेत. जादा माल त्यात नाही. उलट बिल्टी (माल पाठवल्याची पावती) आणि काट्याची पावती मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायला उपयोगी पडते.

टायर कंपनीवर दावा होऊ शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल आणि तोच टायर लागतो, आणि गैरवापर झाला हे उत्तर कंपनीकडे तयार असतं. ती लढाई मालकाने हवी तर लढावी. जखमी माणसाने त्यासाठी थांबायचं कारण नाही.

शिवाय कुणाचीच चूक सिद्ध झाली नाही तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. सावध मात्र राहा: विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली की कलम 166 चा, म्हणजे चूक दाखवून मागायचा, मोठा दावा संपतो. ट्रकचालकच दगावला असेल, तर त्याच्या घरच्यांना कर्मचारी भरपाईचा मार्ग आहे (आधी 1923 च्या कायद्यात, नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत), तिथेही मालकाची चूक दाखवावी लागत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांतली कामं सर्वांत महत्त्वाची. पंचनाम्यात फुटलेल्या टायरचा मेक, अनुक्रमांक, नक्षीची खोली आणि चार आकडी तारीख (2419 म्हणजे 2019 चा 24वा आठवडा) लिहून घ्या. टायर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) असेल तर तसं नोंदवायला सांगा. रस्त्यावर पडलेले रबराचे तुकडे आणि रिम घासल्याच्या खुणा यांचे अंतरासह फोटो काढा. टायर धडकेआधी फुटला की धडकेने, हे त्यावरूनच ठरतं. 1 जुलै 2023 च्या समृद्धी महामार्गावरच्या बस अपघातात चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं, पण आरटीओच्या अहवालात त्याला आधार मिळाला नाही. पोलिसांचा पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत व्हायचा असतो; दोन्हींच्या प्रती मागा. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. आणि टायर जप्त करण्याची मागणी पोलिस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लिहून देऊन मालकाच्या ताब्यात, सुटली की तो टायर भंगारात जातो, आणि नंतर कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी त्याला तपासायला काही उरत नाही.