श्वास घ्या, फोटो काढा

ग्रंथपाल आहे म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "मजा आहे बुवा, दिवसभर वाचत बसायचं!" ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत तर माझी ठाण्याच्या कॉलेजातली नोकरी म्हणजे पगारी रजाच, असा पक्का समज आहे. मी दिवसभर वाचते हे खरं. पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर, विक्रेत्यांची बिलं आणि प्राध्यापकांचे व्हॉट्सॲप. "मॅडम, एन-लिस्टचा पासवर्ड चालत नाहीये," हा ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकं उघडून देणाऱ्या सेवेबद्दलचा मेसेज रात्री साडेदहानंतरच येतो. संशोधनाची ऊर्मी त्याआधी येत नसावी.

पीएचडीवाल्यांची तऱ्हा वेगळी. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढं एकच कलम त्यांना तोंडपाठ. तपासणीत जास्त आलं की भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस सुरू: "बघा ना मॅडम, थोडं कमी होतंय का!" अहो, तो प्रबंध मी लिहिलेला नाही. (तुम्हीही नाही, असं सॉफ्टवेअरचं म्हणणं आहे.)

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाच्या वेळेबद्दल पाचांतही अवाक्षर नाही. पाचवा म्हणतो, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. माझं ब्लडप्रेशरही तसंच निघालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तलावपाळीला फेऱ्या मारायला गेले, तर भेळेच्या गाडीवरून हाक: "मॅडम, नो ड्यूजवर सही राहिलीय!" एका हातात भेळ, दुसऱ्या हातात पुस्तकं परत केल्याचा तो फॉर्म. एवढी तयारी पोराने परीक्षेला केली असती तर!

अशात कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची तपासणी जवळ आली आणि प्राचार्यांना कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची आठवण झाली. ताणमुक्ती कार्यशाळा ठरली. समन्वयक कोण? "तुमच्याकडे शांतता असते ना, मॅडम." झालं. बॅनर, पाहुण्यांना द्यायचं रोप, बिनसाखरेचा चहा, हजेरीपत्रक, सगळं माझ्या गळ्यात. आणि त्याच आठवड्यात पुस्तकांची साठा पडताळणी.

पाहुण्या बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. सगळी कामं दाराबाहेर ठेवा." सगळ्यांनी मिटले. मला मिटून चालणार नव्हतं, कारण नॅकला जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो लागतात. आधी लोकेशनच येईना. आलं, तर बॅनरवरचं कॉलेजचं नाव पंख्याआड. शेवटी पुस्तकं काढायच्या स्टुलावर चढले. वरून ताणमुक्तीचं विहंगम दर्शन झालं: अकाउंट्सचे साहेब घोरत होते, कॉमर्सच्या बाई एक डोळा किलकिला करून मांडीवरच्या मोबाइलवर शेअरबाजार बघत होत्या आणि आमचा शिपाई मात्र खरोखर समाधी लागल्यासारखा. "आता श्वास सोडा," बाई म्हणाल्या. मी रोखून धरला होता. सोडला असता तर फोटो हलला असता.

शेवटी फीडबॅक फॉर्म. 'आपला ताण कमी झाला का?' सगळ्यांनी 'पूर्णपणे'वर खूण केली, कारण फॉर्म दिल्याशिवाय जेवणाचं कुपन नव्हतं. कुपनं अर्थात मीच वाटत होते.

प्राचार्य खूश. "इतकं छान झालं मॅडम, आता दर महिन्याला घेऊ या. अहवाल तेवढा सोमवारपर्यंत बाइंड करून ग्रंथालयात ठेवा."

पुस्तकांना विषयवार नंबर देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात असल्या विषयाला १५८ क्रमांक. त्या कपाटात तसूभर जागा नाही. आधी तिथलं ताण घालवायचं एखादं पुस्तक कुणीतरी घरी न्यायला हवं.