बॅटरी गेली म्हणे!

काल पहाटे चारला लासलगावात, ट्रकमध्ये दहा टन कांदा भरलेला, ताडपत्री बांधलेली, वाशीचा दलाल फोनवर फोन करतोय. आणि मी चावी मारली तर "टक्". बस्स. पुन्हा मारली, पुन्हा टक्. डॅशबोर्डवर दिवाळी, हेडलाइट झगझगीत, हॉर्न असा की झोपलेले हमाल उठून शिव्या घालायला लागले. फक्त सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, फिरत नाही.

मग जमले सगळे. "डिझेल बघितलं का?" अरे बाबा, सेल्फच फिरत नाही, डिझेलचा काय संबंध? "धक्का मारू या." मार, मार. दहा टनाला मार धक्का.

सात वाजता वायरमन उगवला. टर्मिनलला हात न लावता निकाल: "बॅटरी गेली." मी म्हटलं, मीटर तर लाव. लावला, साडेपंचवीस व्होल्ट, चोवीस व्होल्टच्या गाडीला एकदम ठणठणीत. सेल्फ मारताना चोवीसच्या खालीसुद्धा आलं नाही. म्हणजे करंट जातच नाहीये, बॅटरी बिचारी काय करणार! पण साहेबांचं एकच, "मीटर फसवतो, लोड आला की बसते ती." २५ हजारांच्या दोन नव्या बॅटऱ्या. चावी मारली. टक्. मग म्हणे सेल्फ गेला. दोन तास लावून सेल्फ उतरवला, जमिनीवर बॅटरीला जोडला तर भन्नाट फिरला. परत चढवला. टक्!

या वायरमन लोकांना एक दिवा आणि एक वायर एवढंच हत्यार का असतं? आणि आधीचा ड्रायव्हर, त्याचं तर नावच काढू नका. टेपसाठी १२ व्होल्ट हवेत म्हणून चोवीसच्या गाडीत एकाच बॅटरीवरून वायर ओढली. गाणी ऐकली त्याने, एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी उकळून मेली माझी. तेव्हाही असाच भुर्दंड.

शेवटी चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा मिस्त्री उठला. जंपरची एक केबल घेतली, एक टोक इंजिनला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. "मार." अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू. इंजिन ते चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) अर्थची पट्टी, म्हणजे सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जायची वाट! बोल्ट खोलला तर खाली मस्त निळा रंग, त्यावर गंज. लाइट-हॉर्नचा करंट थेट चासीतून जातो हो, या पट्टीशी त्यांचा संबंधच नाही; सेल्फला मात्र शेकड्यांनी अँपिअर लागतात, ते त्या गंजातून कुठून जाणार?

आता रंग कुणी लावला, हे विचारू नका. विचारलंच आहे तर सांगतो. दसऱ्याला क्लच प्लेटचं काम काढलं होतं, पट्टी खोललेली होती, आणि पेंटरच्या डोक्यावर उभा राहून मीच ओरडत होतो, "चासीचा एक कोपरा सुटता कामा नये!" सुटला नाही.

त्यात कहर म्हणजे आमचं क्लीनर पोरगं सकाळी पाच वाजताच म्हणालं होतं, "मालक, सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरची केबल चटका देतेय." करंट पट्टी सोडून केबलमधून वाट शोधत होता, अजून काय सांगायचं त्या पोराने! मी म्हटलं, तू गप बस, ताडपत्री बघ.

वाशीचा बाजार हुकला. धडधाकट जुन्या बॅटऱ्या वायरमनने भंगारात धरून नेल्या. दुपारपासून फोन लावतोय, उचलत नाही.