भोळ्या खेडुताच्या नावाने मागितलेली बंदी

पोळ्याच्या आधीपासून एक मेसेज आमच्या भागातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. भजनी मंडळ, शेतकरी गट, दहावीची जुनी बॅच, कुठेही बघा, तो येऊन पडलेलाच आहे. मजकूर थोडक्यात असा:

"धर्माच्या भावना दुखावणाऱ्या सिनेमावर सरकारने बंदी घातलीच पाहिजे. तसं घटनेतच लिहिलं आहे. दुसऱ्यांच्या भावना दुखावल्या की रातोरात बंदी येते, आपल्याला मात्र कोणी विचारत नाही. बंदी घातली तर दंगल टळते. शहरवाल्यांचं सोडा, पण खेड्यातल्या भोळ्या माणसाला सिनेमा आणि सत्य यातला फरक कळत नाही. पूर्वी देवाधर्माची टिंगल करायची कोणाची हिंमत नव्हती."

खाली हात जोडल्याची चित्रं आणि दहा जणांना पाठवायचा हुकूम. कोणत्या सिनेमावर बंदी हवी, ते कुठेच नाही. ज्या भाऊंनी आमच्या ग्रुपवर टाकला त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मले का मालूम? मलेबी आलाच हाय."

तरी एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो, कारण मेसेज सगळाच खोटा नाही.

"घटनेतच लिहिलं आहे"

घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये आपलं म्हणणं मांडायचं स्वातंत्र्य आहे. त्याला वेसण घालायची कारणं १९(२) मध्ये मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपली. भावना दुखावणं त्यात नाही.

लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा दंडसंहितेचं जुनं कलम २९५अ असावं. ते १९२७ साली इंग्रजांनी घातलं, आणि आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आलं आहे. पण तेही नीट वाचावं. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असेल तरच तो गुन्हा. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, आणि त्याच निकालात सांगितलं की अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही. कायदा बोलणाऱ्याचा हेतू तपासतो. ऐकणाऱ्याला किती झोंबलं, यावर तो गुन्हा ठरवत नाही.

मेसेजच्या बाजूचंही सांगतो. सिनेमाला पुस्तकाइतकी मोकळीक नाहीच. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली तो दाखवण्याआधीच तपासला जातो, आणि १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही आधीची तपासणी मान्य केली. कोणत्याही धर्माचा तिरस्कार करणारी दृश्यं किंवा शब्द नकोत, असं सेन्सॉर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांत आहेच. म्हणजे भावनांची काळजी घेणारी चाळणी आधीच लावलेली आहे. मग बोर्डाने बघून, कापून, प्रमाणपत्र दिल्यावर राज्य सरकारने किंवा कलेक्टरने दुसरी चाळणी कशाला लावायची? २००० साली शंकरप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या अशाच दुसऱ्या चाळणीबद्दल हेच सांगितलं. तज्ज्ञ मंडळाचा निर्णय झाला की सरकारने त्याच्या डोक्यावर बसून पुन्हा निवाडा करू नये, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे आणि ते त्याने करावं, असा त्या निकालाचा रोख आहे.

"दुसऱ्यांसाठी रातोरात बंदी"

हाच मजकूर मला दोन वेगवेगळ्या चित्रांसह आला, एकदा भगव्या, एकदा हिरव्या. 'आपल्याला कोणी विचारत नाही' हे वाक्य दोन्हीकडे जसंच्या तसं!

यादीच बघा. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' ख्रिस्ती संघटनांच्या मागणीवरून गोवा, पंजाब, आंध्रसह अनेक राज्यांनी रोखला. २०१३ मध्ये मुस्लिम संघटनांच्या विरोधानंतर तामिळनाडूत कलेक्टरांनी जमावबंदी लावून 'विश्वरूपम' थांबवला, आणि कमल हासन यांनी कापाकापी मान्य केल्यावरच तो तिथे लागला. २०१८ मध्ये राजस्थान आणि गुजरातने 'पद्मावत' अडवला. २०२३ मध्ये पश्चिम बंगालने 'द केरळ स्टोरी' बंद केला. सत्तेवर कुठे काँग्रेस, कुठे अण्णाद्रमुक, कुठे भाजप, कुठे तृणमूल. धर्म कोणताही असो, पक्ष कोणताही असो, सही करायला हात सारखेच शिवशिवतात.

आणि 'आपल्या' म्हणजे कोणाच्या? महात्मा फुल्यांवरचा हिंदी सिनेमा २०२५ मध्ये ११ एप्रिलला, म्हणजे त्यांच्या जयंतीला, यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो २५ एप्रिलला लागला. 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला बोर्डाने सांगितलं. बंदी नव्हती, खरं आहे. पण फुल्यांच्या सिनेमातून हे शब्द काढले तर जोतीराव नेमके कोणाच्या शाळेसाठी आणि कोणाविरुद्ध लढले, ते पोरांना कसं सांगायचं? सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकणाऱ्यांच्या भावनाही त्या वेळी दुखावलेल्याच होत्या. ज्या विदर्भातून दरवर्षी माणसं एसटी भरभरून दीक्षाभूमीला जातात, तिथे 'भावना दुखावल्या' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कोणाच्या आणि कशामुळे. बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा, त्याची भावना आधी दुखावते.

"बंदी घातली तर दंगल टळते"

मेसेजमधलं सगळ्यात पटण्यासारखं वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबतो. गावात भांडण नको, हे कोणाला नको असेल?

१९८९ च्या रंगराजन खटल्यात प्रश्न हाच होता. आरक्षणावर टीका करणारा एक तामिळ सिनेमा. मद्रास उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केलं. सरकारचं म्हणणं, लोक खवळतील. सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र परत दिलं आणि सांगितलं की निदर्शनांच्या, मोर्च्यांच्या, हिंसेच्या धमकीला घाबरून कोणाचं बोलणं दाबता येणार नाही. ते म्हणजे कायद्याच्या राज्याने धमकावणाऱ्यापुढे हात टेकणं. दारूगोळ्याच्या कोठारात पडलेल्या ठिणगीसारखा धोका उघड आणि तातडीचा असेल तरच गोष्ट वेगळी. तो सिनेमा सामाजिक न्यायाच्या विरोधातला होता. मला तो पटणारा नाही. निकाल मात्र पटतो.

'पद्मावत'चं काय झालं, तेही आठवा. २०१७ च्या जानेवारीत जयपूरला सेटवर धुडगूस, मार्चमध्ये आपल्याच कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर सेट जाळला. सिनेमा तेव्हा तयारही नव्हता. खिलजी आणि राणीचं स्वप्नातलं दृश्य आहे, अशी हूल उठली होती. निर्माते नाही म्हणत राहिले. पुढे नाव बदललं, बोर्डाने प्रमाणपत्र दिलं, तरी राज्यांनी बंदी घातली. १८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुरुग्राममध्ये पोरं बसलेल्या शाळेच्या बसवर दगड पडले. आणि सिनेमा लागल्यावर? विरोध करणाऱ्या संघटनेच्याच एका गटाने जाहीर केलं की यात राजपुतांचा गौरवच आहे. ज्या दृश्यासाठी वर्षभर जाळपोळ झाली ते दृश्य पडद्यावर नव्हतंच.

आता सांगा, दंगल सिनेमाने केली की न पाहिलेल्या सिनेमाच्या अफवेने? सरकारने बंदी घालून त्या अफवेवर शिक्का मारला. पुढच्या टोळीला कळलं की दगड मारला की बंदीचा कागद निघतो.

बंगालमध्ये 'द केरळ स्टोरी'वर ८ मे २०२३ ला बंदी आली, १८ मे ला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. पण त्याच वेळी निर्मात्यांना पडद्यावर लिहायला लावलं की ३२ हजार मुलींच्या धर्मांतराच्या आकड्याला खात्रीचा आधार नाही आणि ही कथा काल्पनिक रूपात मांडलेली आहे. तो सिनेमा मला द्वेष पसरवणारा वाटतो. तरीही खोट्या आकड्याच्या तोंडावरच 'आधार नाही' असं लिहायला लावणं हा इलाज मला बंदीपेक्षा कितीतरी भारी वाटतो.

आमच्याकडे तर बंदीचा उपयोगच काय होणार? तालुक्याच्या जुन्या टॉकीजांची कुठे गोदामं झाली, कुठे मंगल कार्यालयं. सिनेमा गावात येतो तो मोबाइलवर. बंदी घातलेला सिनेमा आधी येतो, तोही अख्खा नाही. तेवढंच झोंबणारं अर्धं मिनिट कापून, वर लाल अक्षरात 'बघा आणि पुढे पाठवा' लिहून. तीन तासांत पात्र कुठे चुकलं, कुठे पस्तावलं, ते त्या तुकड्यात येत नाही. भांडण लावायचंच असेल तर तुकडा पुरतो.

"खेड्यातल्या भोळ्या माणसाला फरक कळत नाही"

हे वाक्य लिहिणारा आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, एकदाही रात्र जागलेला नाही.

दिवाळी झाली, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा झाली, धान घरात आलं की आमच्याकडे नाटकं सुरू होतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावची मंडळी तिथे जाऊन नाटक ठरवून येतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, नाटक पहाटेपर्यंत चालतं. म्हाताऱ्या बाया गोधडी पांघरून पुढे बसतात, लेकरं मांडीवर झोपलेली. सासू सुनेला छळू लागली की त्याच बाया मोठ्याने शिव्या घालतात, पदराने डोळे पुसतात. आणि मध्यंतरात? मुकुट घातलेला यमराज पडद्याआडून डोकावून तंबाखू-सुपारीचा खर्रा मागतो, कोणीतरी घोटलेली पुडी वर फेकतं, मंडपभर हसू. अर्ध्या तासाने तोच यमराज रेड्यावरून आला की त्याच बायांचा श्वास अडकतो. सकाळी खलनायकाचं काम करणाऱ्याला गावकरी घरी नेऊन चहा-पोहे देतात. आदल्या रात्रीच्या शिव्या कोणाच्या ध्यानातही नसतात.

या माणसांना नाटक आणि सत्य यातला फरक कळत नाही? त्यांना तो शिकवायचा नाही, त्यांच्याकडून शिकायचा आहे. फसवतं ते नाटक म्हणून न येणारं काहीतरी: बातमीच्या वेशात आलेला तुकडा, भजनी मंडळाच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाने टाकलेला. त्यावर सिनेमाबंदीचा काय इलाज?

"पूर्वी कोणाची हिंमत नव्हती"

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी, सुरू होतात. 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' असा गजर, आणि त्या गजराच्या आड सावकार, सरपंच, सरकार, कोणाचीच खैर नाही. खुद्द महादेव-पार्वतीच्या संसारालाही चिमटे बसतात. महादेवाच्या नावाने, महादेवासमोर. खडी गंमत या आमच्या लोकनाट्यातल्या गौळणी कृष्णाला तोंडावर सुनावतात. शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा वऱ्हाडभर कीर्तनात नवसाच्या बोकडावर, कर्ज काढून केलेल्या यात्रेवर, शेंदूर फासलेल्या दगडावर जे बोलत, ते आज कोणी पडद्यावर बोललं तर संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात अर्ज जाईल. लोक हजारोंनी ऐकायला बसत आणि शेवटी 'गोपाला गोपाला'चा गजर करत घरी जात.

बंदी पूर्वीही होती, हे खरं. कोणावर होती ते मात्र मेसेजवाल्याला ठाऊक नसावं. 'भक्त विदुर' हा १९२१ चा मूकपट महाभारतावरचा, सोज्वळ. त्यातला विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि सिंधमध्ये इंग्रजांनी तो बंद केला. १९३५ मध्ये प्रभातने संत एकनाथांवर सिनेमा काढला, नाव 'महात्मा'. सेन्सॉरला त्यात गांधी दिसले आणि नाव 'धर्मात्मा' करावं लागलं. १९४२ ला 'चले जाव' चळवळीत चंद्रपूरकडचं चिमूर पेटलं तेव्हा तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांत सरकारला बंड ऐकू आलं आणि महाराजांना तुरुंगात टाकलं. बंदीची कुऱ्हाड ज्यांच्या हातात होती त्यांनी ती विदुरावर, एकनाथांवर आणि आमच्या राष्ट्रसंतावर चालवली.

यावर ग्रुपवरच्या एका वडीलधाऱ्या काकांनी लिहिलं, "गुरुजी, सगळं कबूल. पण खरंच कोणी आपल्या देवाबद्दल वंगाळ दाखवलं तर गुमान बसायचं का?"

काका, गुमान कशाला बसायचं? हेतूच दुष्ट असेल तर २९९ खाली तक्रार आहे. बोर्डाने चुकीचं प्रमाणपत्र दिलं असं वाटलं तर उच्च न्यायालय आहे, आपल्याला नागपूरचं खंडपीठ. सिनेमा बनवणाऱ्याचंही तेच दार आहे. त्यांचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये सरकारने बंदच केलं. तिकीट न काढणं आपल्या हातात आहे, चौकात उभं राहून सिनेमाला नावं ठेवणंही. आणि एवढं करूनही पोटात आग राहिली, तर येत्या शंकरपटाला त्याच विषयावर उलटं नाटक लावू. वडशाच्या कंपन्या नव्या विषयाच्या शोधात असतातच. वर्गणीत माझं नाव आधी लिहा.