माहेरची तालीम, सासरची तालीम

मी माहेरची शिवाजी पेठेची आणि दिली मंगळवार पेठेत. बाहेरच्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्यानं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची एक तरी मॅच बघितलीय, त्याला कळेल की 1994 साली माझं लग्न ठरताना पत्रिकेच्या आधी कशावर चर्चा झाली असेल. माझा भाऊ आमच्या पेठेच्या संघात बॅकला खेळायचा आणि धाकटे दीर इकडच्या तालमीचे फॉरवर्ड. मैदानावर दोघं कायम समोरासमोर.

कोल्हापुरातले फुटबॉल संघ तालमींचे आणि मंडळांचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. नाव घेतलं की पेठ डोळ्यांसमोर येते. ज्या तालमीच्या लाल मातीत आजोबांनी शड्डू ठोकला, तिच्याच नावानं नातू बूट बांधतो. दिवाळी झाली की हंगामाचे वेध लागायचे आणि उन्हाळ्यापर्यंत गल्लीत दुसरा विषय नसायचा.

आमच्या तालमीत जर्सी पत्र्याच्या ट्रंकेत असायच्या. मॅचच्या दिवशी मारुतीपुढं नारळ फुटला की ट्रंक उघडायची, नंबरानं वाटप व्हायचं, मॅच संपली की सगळ्या परत जमा. धुण्याची पाळी आमच्या घरावर आली की दिरांची 9 नंबरची जर्सी माझ्या हातात पडायची. पांढऱ्या कापडाचा कापून शिवलेला तो 9 दर दोन-चार मॅचला उसवायचा आणि मी टाके घालायची. शिवाजी पेठेची लेक मंगळवार पेठेचा नंबर शिवतेय, म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना हाका मारून दाखवायच्या.

लग्नानंतर दोन वर्षांनी एका मॅचमध्ये भाऊ आणि दीर एकाच बॉलवर गेले. भावाचा घोटा टम्म सुजला. रात्री जेवणं झाल्यावर दीर एकटेच शिवाजी पेठेत गेले, खिशात आंबेहळदीचा तुकडा घेऊन. "पावणं, पाय कसा हाय?" भाऊ म्हणाला, "पायाचं ऱ्हाऊ दे, तुमचा गोल ऑफसाईड हुता." बारा वाजेपर्यंत दोघं त्या एका गोलावरून भांडत बसले. आईनं दोनदा चहा टाकला.

याला आम्ही ईर्षा म्हणतो. शब्दकोशात काय अर्थ असेल तो असो, आमच्या ईर्षेत समोरचा माणूस ओळखीचा असायचा. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाची बहीण कुठल्या पेठेत दिलीय, सगळं माहीत असायचं. तेव्हा दगड पडायचे नाहीत असं मी म्हणणार नाही. पडायचे. पोलीसही धावायचे. पण दुसऱ्या दिवशी दगड मारणारा आणि लागलेला दोघं एकाच टपरीवर दिसायचे.

मग पैसा आला. हळूहळू आला, त्यामुळं आला तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. नेत्यांच्या नावाचे चषक आले, बक्षिसं लाखांत गेली, बाहेरचे खेळाडू आले, नायजेरियाहून पोरं आली. त्या पोरांवर माझा राग नाही. घरदार सोडून इतक्या लांब येऊन, ना भाषा कळते ना जेवण, तरी जीव तोडून खेळतात. माझं दुखणं वेगळं आहे. आता नोंदणीचे दिवस आले की कोण कुठं गेला आणि कितीला गेला एवढंच ऐकू येतं. गेल्या वर्षी ज्याला खांद्यावर घेऊन नाचलो, त्यालाच यंदा शिव्या. गॅलरीत गर्दी तेवढीच आहे, पण अकरातल्या किती पोरांचं घर त्या गर्दीला ठाऊक आहे?

नुसत्या पैशावर उभ्या राहिलेल्या संघांचं काय झालं ते महाराष्ट्रानं बघितलंय. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची नॅशनल लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघच बंद झाला. एफसी पुणे सिटीचा 2019 मध्ये गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. मालकानं ठरवलं, शहरानं बघत बसायचं. पेठेला उचलून हैदराबादला नेता येत नाही, म्हणून तर मला या तालमींचं एवढं आहे. आमचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपात भारताकडून खेळला, तेव्हा अख्ख्या कोल्हापूरची छाती फुगली होती. ते काही एका रात्रीत उगवलं नव्हतं.

पण माझ्या पुतण्यानं माझं तोंड बंद केलं. दिरांचा मुलगा, वय बावीस, बापासारखाच फॉरवर्ड. दोन हंगाम बाहेर बसून काढले, कारण त्याच्या जागेवर बाहेरचा खेळाडू घेतलेला. यंदा दुसऱ्या पेठेकडून पैसे घेऊन सही केली. आत्याबाई आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मी समजावायला गेले तर म्हणाला, "काकू, बाबांच्या गुडघ्याला तालमीनं काय दिलं?"

काय सांगणार? दिरांचा गुडघा 2001 ला गेला. वर्गणी काढून ऑपरेशनचा थोडा खर्च निघाला, बाकी घरानं सोसला. आजही त्यांना मांडी घालून जेवायला बसता येत नाही. ज्या काळासाठी माझा जीव तुटतो, त्या काळानं त्यांना हे दिलंय. त्यामुळं पोरांनी पैसे घेऊ नयेत असं म्हणायची माझी हिंमत नाही. घ्यावेत, हक्कानं घ्यावेत. फक्त प्रत्येक संघानं अकरात निम्मी तरी पेठेतली पोरं खेळवावीत आणि बक्षिसातला एक वाटा दुखापतीच्या विम्याला बाजूला काढावा. लाखांची बक्षिसं देणाऱ्यांना हे जड नाही.

परवा पुतण्याची आपल्याच पेठेविरुद्ध मॅच होती. आत्याबाई येणार नव्हत्या, शेवटी मोबाईलवर लाईव्ह लावून बसल्या. कुणाच्या बाजूनं बघताय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. भाऊ आणि दीर स्टेडियमवर गेले होते. भाऊ आता साठीला आलाय, तरी दोघं अजून आपापल्या पेठेच्या गर्दीतच बसतात. मॅच सुटल्यावर भावानं गेटपाशी स्कूटर आणली, दीर पाय हातानं उचलून मागं बसले आणि दोघं भांडत भांडत घरी आले.