शेंदूर लावलेला दगड

माहूरला दत्तशिखराखाली पार्किंगची पावती फाडली, त्याबद्दल तक्रार नाही. पावतीवर तारीख नव्हती, चालायचंच. पण दगडाचे पैसे मला अजून पचलेले नाहीत.

चढावर गाडी लावायची रीत असते. पायाचा ब्रेक दाबून गाडी न्यूट्रलला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, मग पाय हळूच उचलायचा, म्हणजे भार हँडब्रेकवर येतो. मग गिअर. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. तरी धाकधूक वाटली तर चाकाला दगड, उताराच्या बाजूने. मी दगड शोधेपर्यंत एक काका धावत आले आणि पुढच्या चाकाच्या पुढे दगड ठेवून मोकळे झाले.

"काका, पुढं चढ आहे. गाडी गेली तर मागं जाईल."

काकांच्या तोंडात रेणुकामातेचा तांबूल. तो एका गालातून दुसऱ्या गालात गेल्यावर उत्तर आलं, "आन् पुढं गेली तर?"

"चढावर आपोआप कशी जाईल?"

"देवाची जागा हाय सर. इथं कायबी होतंय."

दगडही चांगला गोल. खरं तर चपटा, कोन असलेला लागतो. गोल दगड चाकासोबतच निघतो. तो मागे न्यावा म्हणून मी वाकलो.

"हात नका लावू! शेंदूर हाय त्याला."

खरंच होता. वर कुणीतरी एक रुपयाही वाहिला होता.

"मग तुम्ही कसा उचलला?"

"आमी रोजचे."

लावायचे दहा, काढायचे दहा. वरचा रुपया हिशेबातून वजा करा म्हटलं, तर म्हणे तो देवाचा.

दत्तगुरू निद्रेला माहूरला येतात अशी श्रद्धा आहे. या गलक्यात झोप लागते म्हणजे देवच तो.

आणि उतरताना निम्मं जग न्यूट्रलमध्ये! पेट्रोल वाचतं म्हणे. अहो, आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जवळपास जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जातं. वर सगळा भार ब्रेकवर. ते तापले की पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, एवढं सांगणारी पाटी कुठे दिसली नाही. वळणावळणावर वाढदिवसाचे फ्लेक्स होते, आणि एका फ्लेक्सच्या मागे समोरची गाडी दिसावी म्हणून लावलेला आरसा होता.